गोव्यातल्या घराच्या सांडपाण्याच्या लाइनला कोणता पाइप घ्यावा?

दुकानात पाऊल ठेवलं की विचारतात, "चार इंची की सहा इंची?" त्याआधी आपणच ठरवायला हवं की पाइप कुठे बसणार. भिंतीवर उन्हात, परसात माडाच्या बुंध्याशी, की गाडी आत येते त्या वाटेखाली? एकाच घरात या तीन जागांना तीन वेगळे पाइप लागू शकतात. सगळीकडे एकच मारून नेणं हे कंत्राटदाराच्या सोयीचं असतं, घराच्या नाही.

जुन्या घरांत बहुधा स्टोनवेअर सापडतं, म्हणजे चकाकी दिलेले भाजक्या मातीचे तपकिरी पाइप. त्या मातीला आम्ल लागत नाही, साबण लागत नाही, खारी हवाही लागत नाही. बिघडतो तो सांधा. एक तुकडा साधारण ६० सेंमीचा, त्यामुळे न्हाणीघरापासून सेप्टिक टाकीपर्यंतच्या १२ मीटर लाइनला २० तुकडे आणि मधे १९ सांधे, प्रत्येक सुतळी कोंबून सिमेंटने बुजवलेला. हा सांधा ताठ असतो. पहिल्याच पावसाळ्यात चरातला भराव खाली बसला की त्याला केसाएवढी भेग पडते, आणि पाण्याच्या शोधात निघालेल्या मुळाला तेवढी पुरते. माड, वड किंवा फणस तीन-चार मीटरवर असेल तर नवीन लाइनला स्टोनवेअर घेऊच नका. जुनी लाइन सरळ असेल आणि तुंबत नसेल, तर मात्र फॅशन म्हणून उकरू नका.

तीच १२ मीटर लाइन ३ मीटरच्या पीव्हीसी पाइपांत चार तुकड्यांत होते, मधले सांधे तीन. पीव्हीसी जिंकतं ते इथे. पण पीव्हीसी म्हणजे एकच वस्तू नाही. सांडपाण्यासाठीचा एसडब्ल्यूआर पाइप (मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी नेणारा) आयएस १३५९२ या भारतीय मानकाप्रमाणे दोन प्रकारांत येतो. ११० मिमी व्यासात (दुकानातला चार इंची) टाइप ए ची भिंत, म्हणजे पाइपाची जाडी, किमान २.२ मिमी, टाइप बी ची ३.२. टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या नळीला. शौचालय आणि मोरीला टाइप बी. दुकानदार "दोन्ही सारखेच" म्हणाला तर पाइपावरची छपाई वाचा आणि कॅलिपर लावा. नुसत्या वजनावर जाऊ नका. ३ मीटरचा टाइप बी साधारण साडेचार किलोंचा भरतो हे खरं, पण खडूची पूड जास्त मिसळलेला पाइपही जड लागतो आणि चिऱ्याच्या कपचीवर आपटला की तडकतो. शेतीचा करडा ४ किलोचा पाइप (हे किलो दाबाचे, वजनाचे नाहीत) स्वस्त म्हणून खूप जण घालतात. तो पंपाच्या पाण्यासाठी असतो. भिंत टाइप बी पेक्षा पातळ, आणि दार असलेले बेंड, ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं वळण) वगैरे सांडपाण्याचे जोड त्यात मिळत नाहीत.

सांधा रबर रिंगचा की सोल्युशनने (पीव्हीसी जोडायच्या द्रावणाने) चिकटवलेला? लांब सरळ लाइनीला आणि भिंतीवरच्या उभ्या पाइपाला रिंगच. ३ मीटरचा पीव्हीसी पाइप ३० अंशांच्या फरकाने ५ ते ७ मिमी लांबतो. म्हणून टोक कानशीने तिरकं घासायचं, रिंगला साबणाचं पाणी लावायचं (तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं), पाइप पूर्ण आत दाबायचा, खूण करायची आणि १० मिमी मागे ओढायचा. हे मागे ओढणंच नेमकं विसरलं जातं, मग एप्रिल-मेच्या उन्हात पाइप धनुष्यासारखा वाकतो. सोल्युशन घराच्या आतल्या आखूड जोडांना चालतं, पण दोन्ही पृष्ठभाग कोरडे हवेत. जुलैत पत्र्याच्या आडोशाला घाईने केलेला सांधा भरवशाचा नाही.

भात वेळल्यावर उकळती निवळ सिंकमध्ये जाते, तेव्हा टाइप बी पाइपाला काही होत नाही, ओघ क्षणभराचा असतो. लोंबते ती सिंकखालची पातळ वळणारी नळी. तिथे ताठ पाइप आणि ट्रॅप घ्या.

जमिनीखाली नारिंगी-तपकिरी पाइप, आयएस १५३२८ चा, सुचवतात. सरसकट गरज नसते. परसात माणसंच चालणार असतील तर ११० मिमी टाइप बी पुरतो. गाडीच्या वाटेखाली याच नारिंगी पाइपातला १६० मिमी (सहा इंची) एसएन ८ घ्या, एसएन म्हणजे पाइपाचा ताठपणा: भिंत ४.७ मिमी, टाइप बी ची ४.०. तरीही पाइपाला खरा आधार बाजूच्या भरावाचा असतो. जांभ्यात खणलेल्या चराचा तळ टोकदार असतो. त्यावर पाइप थेट ठेवला तर एकाच बिंदूवर भार येतो. खाली १० सेंमी आणि पाइपाच्या डोक्यावर १५ सेंमी रेती, नाहीतर चाळलेली माती. चिऱ्याचे तुकडे त्याच्याही वर.

खाजनालगत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीलगत) किंवा शेताच्या कडेला आणखी एक गंमत होते. उघड्या चरात पावसाचं पाणी भरलं की रिकामा पाइप तरंगतो. ११० मिमीचा पाइप मीटरमागे साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो आणि त्याचं स्वतःचं वजन दीड किलो, म्हणजे मीटरमागे आठ किलोंचा उचल. रात्रीत उतार उलटा होतो. चर ज्या दिवशी खणाल त्याच दिवशी निदान पाइपाच्या मधल्या भागावर माती टाका, सांधे तपासणीसाठी उघडे ठेवा.

बिडाचा पाइप आता फक्त एका कारणासाठी: आवाज. वरच्या मजल्याचा पाइप बैठकीच्या भिंतीतून उतरत असेल तर पीव्हीसीत प्रत्येक फ्लश ऐकू येतो. समुद्राजवळ बीड गंजतं, वजनदार असतं, आणि सांधे करणारे जुने हात कमी उरले आहेत.

उतार चार इंचीला ४० ला १, सहा इंचीला ६० ला १. म्हणजे चार इंचीत १२ मीटरला ३० सेंमी, लेवल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजून, नजरेने नाही. काटकोनाऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड, वळणावर चेंबर. छपराचं पाणी या लाइनीत सोडू नका: १०० चौ. मी. छप्पर आणि ३,००० मिमी पाऊस म्हणजे वर्षाला ३ लाख लिटर, सेप्टिक टाकी त्यात धुऊन जाईल.

शेवटी चेंबरची भिंत. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही, आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होते. भिंतीत जाणारा भाग खरवडून घ्या, त्यावर सोल्युशन फासा, ओलं असतानाच रेती भुरभुरा, एक दिवस सुकू द्या आणि मगच सिमेंट लावा.