तीस तासांचा महिना: दोन खेळ, दोन चित्रपट, दोन गायक

रोज पाऊण तास आणि रविवारी तीन तास एवढी फुरसत धरली, तर चार आठवड्यांत तीस तास होतात. सगळ्यांत जास्त वाद होतात ते ‘काय चांगलं’ यावर. पण चांगल्या सहा गोष्टी समोर असताना खरा प्रश्न असतो तो कुठली गोष्ट किती वेळ मागते आणि तो कसा मागते, हा. खालच्या सहाही गोष्टी आमच्या आवडीच्या आहेत. एकाच महिन्यात त्या सगळ्या मावत नाहीत, म्हणून ही तुलना.

खेळांपासून सुरुवात करू, कारण महिन्याचं गणित बिघडतं ते इथेच.

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन यांनी चारेक वर्षं एकट्याने खपून बनवला आणि तो फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. खेळातली दहा मिनिटं म्हणजे आपली सात सेकंदं. सकाळी सहा ते रात्री दोन असा पूर्ण दिवस खेळलात, तर १४ मिनिटं जातात. ऋतू २८ दिवसांचा, म्हणजे साडेसहा तासांचा. वर्षाचे चार ऋतू मिळून २६ तास होतात. मेनू उघडला की घड्याळ थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात लागणारा वेळ याहूनही जास्त. थोडक्यात, एक वर्ष खेळायचं ठरवलं तर महिना संपला. चित्रपटही नाहीत आणि गाणंही नाही.

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा खेळ २०२० साली आला. तो पाच-सहा तासांत संपतो, म्हणजे दोन रविवारांत. महाबलासुराने पळवून नेलेल्या गोलूला शोधायला त्याची बहीण राजी निघते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू सांगतात. हातात त्रिशूळ, पुढे धनुष्य. पहाडी चित्रशैलीतल्या भिंती, राजस्थानी धाटणीचे महाल, मधल्या प्रसंगांना बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ. आपल्याकडच्या दगडी कोरीवकामावर एवढं प्रेम केलेला दुसरा खेळ पटकन आठवत नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहेत. घरच्या मुलांसोबत बसायचं असेल तर तीच आवृत्ती लावा.

उणिवा दोन्हीकडे आहेत. ‘राजी’त कॅमेरा आपल्या हातात नसतो, त्यामुळे उडीचं अंतर चुकतं आणि माणूस दरीत जातो. धावता धावता उडी मारू नका. कडेला थांबा, तोंड नेमकं समोर करा, मग उडी मारा. कीबोर्डपेक्षा कंट्रोलर कितीतरी बरा. राक्षस घेरायला लागले की मध्ये उभं राहून त्रिशूळ चालवण्याऐवजी बाजूला उडी घेऊन धनुष्य वापरा. शेवट मात्र घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो, ही तक्रार रास्त आहे.

‘स्टारड्यू’त नवे लोक अडकतात ते पेरणीच्या तारखांवर. ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक रातोरात वाळतं. फ्लॉवरला १२ दिवस लागतात, म्हणून वसंतातल्या १६ तारखेनंतर तो लावायचा नाही. स्ट्रॉबेरीचं बी १३ तारखेच्या जत्रेत मिळतं. ते त्याच दिवशी लावलं तर २१ आणि २५ ला, असे दोन तोडे मिळतात. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तरी दोन तोडे होतात, पण १६ तारीख उलटली की एकच. बियाण्याचं दुकान बुधवारी बंद असतं, तेव्हा खरेदी मंगळवारी उरका. सुरुवातीला अंगात २७० एवढी ताकद असते आणि झारीच्या एका खेपेला २ खर्च होतात. पहिल्याच आठवड्यात पन्नास-साठ रोपं लावलीत, तर पाणी घालण्यातच अर्धा दिवस जातो आणि खाणीत उतरायला दम उरत नाही. वीस-पंचवीस रोपं पुरेत. आणखी एक, फार महत्त्वाचं: संगणकावर हा खेळ साठवला जातो तो पात्र झोपलं की. मध्येच बंद केलात तर तो दिवस गेला. पाऊण तासात तीन दिवस बसतात, चौथा सुरू करू नका.

ज्याचा संगणक जुना आहे, ज्याला दिवसभराच्या कामानंतर डोकं शांत हवं आहे, त्याने ‘स्टारड्यू’ घ्यावा, पण वसंत आणि उन्हाळा एवढेच दोन ऋतू ठरवून. तेरा-चौदा तास होतात. बाकीच्यांनी ‘राजी’ घ्यावा. याच महिन्यासाठी आमचं मत ‘राजी’ला, कारण तो संपतो आणि उरलेला वेळ मोकळा करतो.

चित्रपट दोन्ही चैतन्य ताम्हाणे यांचे. ‘कोर्ट’ ११६ मिनिटांचा, २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे प्रदर्शित झाला. ‘द डिसायपल’ १२८ मिनिटांचा, २०२० चा, व्हेनिसमध्येच पटकथेचा पुरस्कार मिळालेला. ‘कोर्ट’मध्ये शाहीर नारायण कांबळेंवर एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला चालतो, आणि आपण वकिलांच्या, न्यायाधीशांच्या घरापर्यंत जातो. कॅमेरा जागचा हलत नाही, माणसं बोलून निघून गेली तरी चौकट तशीच राहते. त्या रिकाम्या सेकंदांत फोन हातात घेतलात तर चित्रपट हातून जातो. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्टात एक आणि घरी स्वयंपाकघरात दुसरी, हे नीट बघा. सगळा चित्रपट तिथे उलगडतो.

‘द डिसायपल’ शरद या ख्याल गायकाचा आहे: तरुणपणापासून मध्यम वयापर्यंतची साधना आणि तिला न लागणारं यश. यात कान लागतात. रात्रीच्या रस्त्यावर मोटारसायकल हळूहळू पुढे सरकत असते आणि कानात माई या जुन्या गायिकेची व्याख्यानं चालू असतात. हा आवाज सुमित्रा भावे यांचा. ज्याने ख्याल कधी ऐकलाच नाही, त्याला शरद कुठे चुकतो हे कळत नाही, आणि मग चित्रपट संथ वाटतो. म्हणून आधी ‘कोर्ट’, नंतर ‘डिसायपल’. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, तेव्हा रोजच्या डेटावर भागवणाऱ्यांनी चित्रपट वायफायवर आधीच उतरवून ठेवावा.

आता गाणं. किशोरी आमोणकर की कुमार गंधर्व?

किशोरीताई जयपूर-अत्रौली घराण्याच्या, मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या आणि शिष्या. त्यांचा भूप ऐकायला घ्या, ‘सहेला रे’ असलेला. सा रे ग प ध एवढेच पाच स्वर, त्यामुळे नव्या कानालाही वाट सापडते. वेळ संध्याकाळ सरल्यावरची. बैठक अर्ध्या तासाची धरा आणि मध्ये उठू नका. भूपाचा विस्तार खालून चढत जातो. मधूनच ऐकलात तर वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, आल्याचा आनंद मिळत नाही.

कुमारजी १९४८ मध्ये क्षयामुळे देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद होतं आणि तिथेच माळव्याचं लोकसंगीत त्यांच्या कानात भरलं. परतलेलं गाणं आखूड, तुटक, विजेसारख्या स्वरवाक्यांचं होतं. त्यांची निर्गुणी भजनं काही मिनिटांची असतात, लोकलमध्येही ऐकता येतात. ज्याच्याकडे सलग अर्धा तास नाही त्याने कुमारजींपासूनच सुरुवात करावी. त्यांचा आवाज अचानक उंच जातो, म्हणून आवाजाची पातळी आधीच थोडी कमी ठेवा.

दोघांनाही फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. पुरुष गायकाचा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा १३८ हर्ट्‌झच्या आसपास असतो, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी. एवढे खालचे स्वर त्या चिमुकल्या स्पीकरला झेपत नाहीत. डग्गाही तसाच हरवतो, आणि त्रितालात ‘खाली’पाशी, म्हणजे टाळी न देण्याच्या मधल्या जागी, डग्ग्याचा घुमार थांबतो आणि पुन्हा परततो, हीच सम (तालाची पहिली मात्रा) ओळखण्याची सोपी खूण आहे. एकच खर्च करायचा असेल तर वायरचा हेडफोन घ्या. ‘स्टारड्यू’तली मासेमारीही त्याने सुधारते. मासा लागल्याचा आवाज ब्लूटूथवर उशिरा पोचतो आणि तेवढ्यात मासा निसटलेला असतो.

आठवडे असे लावा: पहिला-दुसरा रविवार ‘राजी’ला, रोजचा पाऊण तास गाण्याला, आधी कुमारजी, दहा दिवसांनी किशोरीताई. तिसऱ्या रविवारी ‘कोर्ट’, चौथ्या रविवारी ‘डिसायपल’. शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी वेळ उरलाच, तर ‘स्टारड्यू’च्या वसंताचे फक्त काही दिवस खेळून बघा.