ॲड प्लेसमेंटच्या नावाखाली 23,299 रुपये गेले आणि ॲडसेन्स खातंही गेलं

आधी 4,999. मग 11,800. मग 6,500. एकूण 23,299 रुपये. तिन्ही वेळा मीच यूपीआयने पाठवले, त्यामुळे "तुम्हीच दिलेत ना" हे बँकेत, पोलिसांत, घरात सगळीकडे ऐकून झालंय. दीड महिना लाजेपोटी कुठे लिहिलं नाही. पण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीला अगदी तसाच मेसेज आला म्हणून लिहितेय.

मी घरी मुलांचे क्लास घेते आणि 2019 पासून शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका माझ्या ब्लॉगवर टाकते. ब्लॉगवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्सकडून महिन्याला पंचवीस-तीस डॉलर जमायचे, म्हणजे 100 डॉलर व्हायला तीन-चार महिने, तेव्हा कुठे बँकेत पैसे. एका ग्रुपवर विचारलं की मोबाईलवर ॲड कुठे ठेवली म्हणजे वाचणाऱ्याला त्रास न होता कमाई वाढेल. यात माझं काय चुकलं? अर्ध्या तासात एका माणसाचा व्हॉट्सॲपवर मेसेज, "मॅडम, गूगल सर्टिफाइड पार्टनर", म्हणजे गूगलने मान्यता दिलेला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, कमाईचे स्क्रीनशॉट, आज पेमेंट केलं तर ऑफर, वगैरे. गूगलच्या साइटवर पार्टनरची यादी असते, फुकट बघता येते. मी बघितली नाही. तुम्ही बघा.

आणि मी काही वेडी नाही. पहिल्या 4,999 मध्ये त्याने जे सांगितलं ते बरोबर होतं. शीर्षकाच्या डोक्यावरची मोठी ॲड काढा, पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदानंतर एक ठेवा, ॲडसाठी जागा आधीच राखून ठेवा म्हणजे पान वाचताना उडी मारत नाही, बटणांपासून लांब ठेवा. मी तसं केलं आणि आठवडाभरात कमाई थोडी वाढली. म्हणूनच विश्वास बसला ना! नाहीतर अनोळखी माणसाला 11,800 कोण देतं?

हे 11,800 म्हणजे दहा हजार अधिक जीएसटी. बिलपण दिलं, पुण्याचा पत्ता, 15 अंकी-अक्षरी जीएसटी नंबर. तो नंबर 07 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा 27 ने होतो, 07 दिल्लीचा. हे मला कधी कळलं, तर सगळं गेल्यावर. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव-पत्ता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

पैसे दिल्यावर त्याने ॲडसेन्समध्ये ॲडमिनचा ॲक्सेस, म्हणजे माझ्या खात्यात बदल करण्याचा अधिकार मागितला आणि मी दिला. तो कुणालाही देऊ नका, कुणालाही म्हणजे कुणालाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप लागत नाही. "पीडीएफ डाउनलोड करा" या बटणाला अगदी चिकटून ॲड आली आणि तिच्यावर मथळा "उपयुक्त लिंक". मी तो नियम वाचलेला होता! ॲडवर "जाहिराती" किंवा "प्रायोजित लिंक" एवढंच लिहिता येतं, उपयुक्त लिंक वगैरे लिहून फसवायचं नाही, हे ॲडसेन्सच्या धोरणात स्पष्ट आहे. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम तो नियम जुना आहे, आधी एका पानावर तीनच ॲड चालायच्या, 2016 ला काढलं ना, तसाच हापण काढला." तीन ॲडचं खरं होतं म्हणून दुसरंही खरं वाटलं. त्याच संध्याकाळी माझ्या मुलाने पेपर उघडायला बोट लावलं आणि गेमची जाहिरात उघडली. माझ्या डोळ्यासमोर. माझ्याच पोराच्या हातात. आणि मी बोलले काय, तर "बॅक कर."

तिथे थांबायला हवं होतं. उलट मी "रिअल ट्रॅफिक"साठी, म्हणजे ब्लॉगवर खरे वाचक आणून देण्यासाठी त्याला अजून 6,500 दिले. पहाटे तीन वाजता परदेशातून शेकडो लोक माझ्या मराठी गणिताच्या पेपरवर, कोण वाचणार तिथे? आकडा वाढतोय म्हणून मी खूश होते. असं विकत घेतलेलं ट्रॅफिक बहुतेक वेळा बनावटच असतं. बाराव्या दिवशी ॲडसेन्सचा अवैध ट्रॅफिकचा मेल आला आणि खातं बंद. खात्यात 186 डॉलर दिसत होते, त्यातले 78 माझ्या खऱ्या वाचकांचे, तेही गेले, कारण अशा वेळी पैसे जाहिरातदारांना परत जातात. अपील केलं, सगळं खरं लिहिलं, नामंजूर. नियम नियम आहे, त्यांना दोष देत नाही, ज्यांची जाहिरात होती त्यांचेही पैसे वायाच गेले.

पण पोलीस ठाण्यात जे झालं ते मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी "ब्लॉग म्हणजे काय" इथून सुरुवात. मी पाऊण तास समजावलं तर म्हणाले, काम दिलं, त्याने केलं, आवडलं नाही म्हणून फसवणूक कशी, दिवाणी मामला आहे, वकील बघा. अहो, खोटा जीएसटी नंबर दिवाणी? दुसऱ्या वेळी सायबरकडे जा म्हणाले, तिथे रक्कम लहान आहे म्हणून परत ठाण्यात पाठवलं. तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्ताला. प्रत्येक खेपेला क्लास बुडवून, एसटीने, 140 रुपये भाडं. 23,299 लहान रक्कम असते का? माझ्या क्लासची चार महिन्यांची फी आहे ती. बँकेत तर पासवर्ड कुणाला दिला होता का हे पाच वेळा विचारलं, दिला नव्हता म्हटल्यावर मग आम्ही काय करणार म्हणाले.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी खूप उशिरा फोन केला, तोवर पैसे पुढे निघून गेले होते. तुम्ही पहिल्या तासात करा. चॅट डिलीट करू नका, त्याने त्याच्याकडचे मेसेज उडवले, माझ्याकडे स्क्रीनशॉट होते म्हणून तक्रार तरी नोंदवता आली. ॲडसेन्सचं खातं फुकट असतं, ते मिळवून देण्याचे किंवा चालवण्याचे पैसे कुणी मागितले की ब्लॉक करा.

त्याच्या प्रोफाइलवर आता नाव वेगळं आहे, स्क्रीनशॉट तेच आहेत, एकात कमाईच्या आकड्याखाली माझ्याच ब्लॉगचं पान दिसतंय. ते प्रिंट काढून सोमवारी चौथ्यांदा ठाण्यात जातेय, या वेळी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठणार नाही.