घामाची टेस्ट आत्ताच करायची की थोडं थांबायचं?

बाळाला सारखा खोकला, परत परत न्यूमोनिया, भूक चांगली पण अंगाला काही लागत नाही, शी तेलकट, पापा घेतला की खारट लागतं, असं असलं की डॉक्टर सिस्टिक फायब्रोसिसचं (फुफ्फुसात आणि पचनसंस्थेत चिकट स्राव साठवणारा जन्मजात, आनुवंशिक आजार) नाव काढतात, घामाची टेस्ट सांगतात आणि घरात लगेच दोन तट पडतात.

थांबा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की आपल्याकडे हा आजार कमी, दमा असेल, एवढ्याशा जिवाला कशाला टोचायचं. भीती कळते हो, पण या टेस्टमध्ये सुई नसतेच! हातावर पिलोकार्पिन हे घाम आणणारं औषध लावून अगदी हलका करंट देतात, थोडं चुणचुणतं, मग अर्धा तास घाम गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. ते लिटरमागे 60 मिलिमोल किंवा जास्त आलं तर आजाराची शक्यता दाट, 30च्या खाली तर बहुतेक नाही, मधलं आलं तर परत टेस्ट आणि जीन टेस्ट.

आणि थांबलं तर? टीबीची नाहीतर दम्याची औषधं चालूच राहतात, वजन वाढत नाही, फुफ्फुसांचं झालेलं नुकसान भरून येत नाही, आपल्या उन्हाळ्यात तर घामावाटे मीठ जाऊन बाळ पार गळून जातं. लवकर कळलं तर जेवणाबरोबर पचनाला मदत करणारी एन्झाइम, जास्तीचं मीठ, छातीची फिजिओथेरपी लगेच सुरू होते. मी तरी टेस्टच करा म्हणेन.

लक्षणं नाहीत, घरातही कुणाला नाही, तर उगाच मागे लागू नका. सख्ख्या भावंडाला असेल तर मात्र लक्षणांची वाट बघूच नका, प्रत्येक बाळाला 25 टक्के शक्यता असते.