विजेवरचं टिल्ट टेबल: दोन वर्षांच्या वापरानंतर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. टिल्ट टेबल म्हणजे पेशंटला पट्ट्यांनी बांधून आडव्याचं हळूहळू उभं करणारं टेबल. आमच्या विभागातलं दांडा फिरवायचं जुनं टिल्ट टेबल जाऊन विजेवरचं आलं, त्याला दोन वर्षं झाली.

चढायला हे टेबल उत्तम. झटका नाही, आवाज नाही. छाती, कंबर आणि गुडघ्यांवरचे पट्टे रुंद आहेत, कातडीत रुतत नाहीत. मणक्याला मार लागून पायांची संवेदना गेलेल्या माणसासाठी हे फार मोलाचं, कारण रुतलं तरी त्याला कळणार नसतं. मी 30 अंशांपासून सुरू करते, बीपी बघते, मगच पुढचे 10 अंश.

तक्रार आहे ती उतरण्याची. मानेच्या मणक्याला दुखापत झालेला एक तरुण 50 अंशांवर बोलता बोलता थांबला. एक जांभई, ओठ पांढरे, नजर कुठेतरी लागलेली. पोटाला पट्टा आणि पायांत घट्ट स्टॉकिंग्ज असूनही रक्त खाली साठलं होतं. मी बटण दाबून धरलं, तर टेबल आपल्या संथ चालीनेच येत राहिलं. नंतर रिकाम्या टेबलावर घड्याळ लावलं: 28 सेकंद. त्याचं डोकं माझ्या हातात असताना ते किती वाटले, ते मलाच ठाऊक.

म्हणूनच शुद्ध का हरपते हे शोधायच्या टिल्ट टेस्टसाठी हे टेबल मुळीच घेऊ नका. तिथे पेशंटला 60 ते 70 अंशांवर 20 ते 45 मिनिटं ठेवतात, ईसीजी आणि बीपी चालूच असतात, लागलं तर जिभेखाली नायट्रोग्लिसरिनही देतात. चक्कर तिथे मुद्दाम येऊ द्यायची असते. ती आली की 10 सेकंदांत माणूस आडवा व्हायला हवा.

फूटप्लेट, म्हणजे पाय टेकवायची फळी, दोन्ही पायांना मिळून एकच अखंड आहे, हेही खटकतं. एकच घोटा आखडलेला असेल तर त्या टाचेखाली मला पाचर सरकवावी लागते.

तरीही याच टेबलावर तो तरुण सहाव्या आठवड्यात 70 अंशांवर 20 मिनिटं राहिला, दोन्ही टाचा टेकवून. खिडकीकडे बघत म्हणाला, "मॅडम, पडून नुसता शेंडा दिसायचा. आज बुंधा दिसला."

घ्यायला जाल तेव्हा तुमच्यातल्या सगळ्यात वजनदार माणसाला पट्टे बांधून वर न्यायला सांगा आणि उतरताना वेळ मोजा. मग प्लग काढून पुन्हा एकदा मोजा.