सबवूफरच्या अ‍ॅम्पमध्ये बायस प्रीसेट म्हणून बोर्न्स ३२९६: बसवावा का?

साधारण १० मिमी रुंद, तेवढीच उंच आणि ५ मिमीपेक्षा कमी जाडीची निळी डबी, माथ्याच्या एका टोकाला बारीकसा पितळी स्क्रू, खाली एका रांगेत तीन पिना. बोर्न्स कंपनीचा ३२९६डब्ल्यू हा प्रीसेट, म्हणजे स्क्रूने बदलता येणारा छोटा रेझिस्टर, ओळखत नाही असा दुरुस्तीवाला विरळा. अ‍ॅक्टिव्ह सबवूफरच्या अ‍ॅम्पमधला मूळ बायस प्रीसेट (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारं व्होल्टेज, म्हणजे बायस, जुळवणारा) गेला की हाच बसवावा असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबरच आहे, फक्त कारण चुकीचं सांगतात. पंचवीस फेऱ्यांची बारीक जुळवणी हा वरकड फायदा. सबवूफरमध्ये हा भाग शोभतो तो बंदिस्त असल्यामुळे. धूळ आत जात नाही आणि हादऱ्याने वायपर (आतला सरकता संपर्क) जागा सोडत नाही. डेटाशीटमध्ये कंपनासाठी २० जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) आणि धक्क्यासाठी १०० जी दिले आहेत, दोन्हींत बदल १ टक्क्यापर्यंत. बायसच्या जागेसाठी ३२९६ची हीच ओळ सर्वांत कामाची आहे.

मूळ प्रीसेट बहुधा उघडा, कार्बन ट्रॅकचा, एका फेरीचा असतो. टेबलावरच्या अ‍ॅम्पमध्ये तो वर्षानुवर्षं निमूट चालतो. सबवूफरमध्ये मात्र पीसीबी पेटीच्या आतच लटकलेला असतो. प्रत्येक ठोक्याला कोन आतली हवा दाबतो, पीसीबी धरणारी मागची धातूची प्लेट थरथरते आणि वायपरची पातळ पत्ती ट्रॅकवर एकाच जागी घासत राहते. शेजारीच ±१५ व्होल्टच्या झेनर डायोडसाठी लावलेले, व्होल्टेज उतरवणारे ड्रॉपर रेझिस्टर पीसीबी तपकिरी होईपर्यंत तापत असतात. वर कारखान्यात ओतलेला पिवळसर गोंद असेल तर जुना झाल्यावर तो काळपट पडतो, थोडाफार विद्युतवाहक होतो आणि पिनाही खातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चार फेऱ्या फिरवलं की आवाज सुधारतो, पण फार दिवस नाही.

दोष प्रीसेटचाच आहे हे आधी ठरवा. क्लास-डी (स्विचिंग प्रकारच्या) प्लेटमध्ये बायसचा प्रीसेट नसतो, तिथे दिसणारा प्रीसेट दुसऱ्याच कामाचा असतो आणि त्याला हात लावू नये. क्लास-एबी, म्हणजे बायस लागणाऱ्या नेहमीच्या, अ‍ॅम्पमध्ये बायस फार खाली गेला की हळू आवाजात लांब बासचा सूर फाटका, खरखरीत येतो. लो-पास फिल्टर अ‍ॅम्पच्या आधी असल्यामुळे क्रॉसओव्हर विकृतीच्या (एक ट्रान्झिस्टर थांबून दुसरा सुरू होताना येणाऱ्या फाटकेपणाच्या) वरच्या हार्मोनिक्सना तो अडवत नाही, त्या थेट कोनापर्यंत जातात. बायस वर गेला तर गाणं बंद असतानाही प्लेट हात ठेववत नाही इतकी तापते आणि मग फ्यूज उडतो. एमिटर रेझिस्टरवर (आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला लावलेल्या कमी ओमच्या रेझिस्टरवर) मीटर लावून प्लास्टिकच्या काडीने प्रीसेटला हलकेच टिचकी मारा. ७ मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर २ वर नाहीतर ४० वर उडी मारत असेल तर पुढे शोधायची गरज नाही. टिचकीने आकडा हलत नाही, पण तापल्यावर चढतच जातो, असं असेल तर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकपासून सुटला आहे का, त्याची पेस्ट वाळली आहे का ते बघा. तिथे कितीही महागडा प्रीसेट लावून उपयोग नाही.

आता खरा कळीचा मुद्दा, जो खोक्यावर किंवा डेटाशीटमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. बायस देणाऱ्या सर्किटमध्ये एका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटरमधलं व्होल्टेज दोन रेझिस्टर ठरवतात: बेस-एमिटरचे सुमारे ०.६२ व्होल्ट गुणिले (१ + वरचा रेझिस्टर ÷ खालचा रेझिस्टर). प्रीसेट खालच्या, म्हणजे बेस-एमिटरच्या बाजूला असेल आणि उघडला (आतला जोड तुटला) तर व्होल्टेज ०.६ च्या आसपास येतं. आवाज खराब होतो, पण जळत काही नाही. वरच्या, कलेक्टर-बेस बाजूचा प्रीसेट उघडला तर उलटं होतं. ट्रान्झिस्टर बंद पडतो, बायस सुसाट चढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी जाते, कधी कधी फ्यूज उडायच्याही आधी. मधली पिन थेट बेसला आणि दोन टोकं कलेक्टर व एमिटरला, अशी जोडणीही तितकीच घातक. वायपर सुटला की बेस हवेत.

म्हणून नवा प्रीसेट लावण्याआधी पीसीबीवरचे ट्रॅक कुठून कुठे जातात ते बघा. प्रीसेट दोन पिनांवरच वापरला असेल तर मोकळं टोक वायपरच्या पिनेला जोडून टाका. मग वायपर उचलला गेला तरी पूर्ण रेझिस्टन्स सर्किटमध्ये राहतो. खालच्या बाजूला पूर्ण रेझिस्टन्स म्हणजे कमीत कमी बायस. मधली पिन बेसला असेल तर बेस ते कलेक्टर २२ किलोओमचा एक पाव वॉटचा रेझिस्टर पीसीबीच्या पाठीमागे टाका. १ किलोओमच्या प्रीसेटसमोर तो जुळवणीत जवळजवळ जाणवत नाही, पण वायपर सुटल्यावर बेसला करंट पोचवतो. ट्रान्झिस्टरमधून ५ मिलिअँपिअर जात असतील आणि गेन १०० असेल तर बेसला हवेत ०.०५ मिलिअँपिअर. २२ किलोओमवर १.१ व्होल्ट पडतात, त्यात ०.६ मिळवा, १.७ व्होल्ट झाले. अशा सर्किटमधल्या नेहमीच्या २.४ व्होल्टपेक्षा बरेच कमी, म्हणजे आउटपुट सुरक्षित. क्षुल्लक किमतीचा हा रेझिस्टर निळ्या डबीपेक्षा जास्त संरक्षण देतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पंचवीस फेऱ्या कितपत कामाच्या, ते आकड्यांत पाहू. समजा वर २.२ किलोओम, खाली ४७० ओम स्थिर आणि त्याच्या मालिकेत १ किलोओमचा प्रीसेट. २.४ व्होल्ट मिळवायला खालची बेरीज साधारण ७६६ ओम लागते, म्हणजे प्रीसेट २९६ वर. ३२९६च्या एका फेरीत ४० ओम सरकतात आणि बायस सुमारे ०.०९ व्होल्टने बदलतो. जुन्या एका फेरीच्या प्रीसेटमध्ये एवढाच बदल जेमतेम दहा अंशांत व्हायचा. मनगट जरा वळलं की काम बिघडलं. फरक आहे तो असा. पण याच सर्किटमध्ये प्रीसेट शून्यावर गेला तर बायस ३.५ व्होल्टवर पोचतो आणि पंचवीस फेऱ्यांचा प्रीसेट कुठे उभा आहे ते डोळ्यांना दिसत नाही. माथ्यावर बाण नाही, टोकाला अडसर नाही. आतला क्लच नुसता घसरत राहतो आणि स्क्रू फिरतच राहतो. ३२९६बद्दलची सर्वांत मोठी तक्रार हीच. जुन्या प्रीसेटचा कोन पाहून नवा अंदाजाने लावायची सवय इथे महागात पडते.

म्हणून डबी लावण्याआधी मीटरवर ठेवा. जुना प्रीसेट पीसीबीवरून काढल्यानंतरच मोजा, बोर्डवर मोजलेला आकडा शेजारच्या रेझिस्टरमुळे खोटा येतो. नवा प्रीसेट जुन्याच्या जागेवर न ठेवता कमीत कमी बायसच्या टोकाला न्या, वरच्या उदाहरणात पूर्ण १ किलोओमवर. तिथे बायस १.५५ व्होल्ट येतो, आउटपुट ट्रान्झिस्टर पूर्ण बंद राहतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की वायपर ३ नंबरच्या पिनेकडे जातो, १ आणि २ मधला रेझिस्टन्स वाढतो. कुठल्या दोन पिना वापरता त्यावर ‘उजवीकडे म्हणजे जास्त बायस की कमी’ हे ठरतं. ते कागदावर लिहून मगच सोल्डरला हात घाला.

पीसीबी बाहेर काढायच्या आधी मेन्सची वायर काढा आणि मोठे कॅपॅसिटर रिकामे करा. ±५५ व्होल्टच्या रेल्सवर (पुरवठ्याच्या लाइनींवर) १०,००० मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर असतील तर २२० ओम १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर १५ सेकंद लावला की पुरे. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नये, ट्रॅक उडतो. ट्रान्सफॉर्मरच्या जागी एसएमपीएस असेल तर त्याच्या मेन्सकडच्या कॅपॅसिटरवर शेकडो व्होल्ट उरतात. त्या बाजूचा अनुभव नसेल तर इथेच थांबा. मग फोटो काढा, कारण कनेक्टर सारखेच दिसतात.

जुना प्रीसेट काढताना त्याची पत्ती कापून प्रत्येक पिन वेगळी काढणं सोपं. तिन्ही पिना एकदम वितळवायच्या नादात एकाच बाजूचे स्वस्त बोर्ड पॅड सोडतात. आता बसवायची अडचण. उघड्या १० मिमी प्रीसेटच्या पिना त्रिकोणात असतात, ३२९६डब्ल्यूच्या सरळ रांगेत, २.५४ मिमी अंतरावर. जागेवर तो बसतच नाही. ३२९६वायच्या पिना त्रिकोणात आहेत, पण तोही त्रिकोण लहान. मोठ्या पॅडसाठी पिनांना टिन चढवलेली पातळ तार जोडावी लागते, त्यावर स्लीव्ह चढवावी आणि तार १० मिमीच्या आत ठेवावी. लांब तारांवर उभी राहिलेली डबी सबवूफरमध्ये घंटेसारखी हलते आणि काही महिन्यांत सोल्डरचा जोड तडकतो. बाजूने न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचा ठिपका द्या. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. बिट साधारण ३५० अंशांवर, प्रत्येक पिनेला तीन सेकंद.

जुळवणीसाठी स्पीकर सुटा ठेवा, इनपुटला शॉर्ट केलेला आरसीए, गेन शून्यावर आणि मागचा ‘ऑटो’ स्विच ‘ऑन’वर. हा स्विच विसरला तर मध्येच अ‍ॅम्प झोपतो आणि मीटर शून्य दाखवतो, मग बिचारा प्रीसेट विनाकारण फिरवला जातो. पहिली सुरुवात ६० किंवा १०० वॉटच्या सिरीज बल्बवर (मेन्सच्या मालिकेत जोडलेल्या तारेच्या जुन्या बल्बवर). क्षणभर उजळून बल्ब मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा. आउटपुटवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आहे का ते बघा. अंतिम जुळवणी मात्र बल्ब काढूनच, कारण बल्बवर रेल्स खाली बसलेल्या असतात.

मीटर २०० मिलिव्होल्टवर, क्लिपवाले प्रोब, आणि क्लिप बंद अवस्थेतच अडकवायचे. चालू अ‍ॅम्पमध्ये निसटलेलं टोक बेस-कलेक्टरला टेकलं की नवी दुरुस्ती सुरू. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. तो मिळत नसेल तर ०.२२ ओमच्या एमिटर रेझिस्टरवर ६ ते ७ मिलिव्होल्ट, म्हणजे एका जोडीला सुमारे ३० मिलिअँपिअर, हा सावध आकडा. हाय-फायवाले प्रत्येक रेझिस्टरवर २६ मिलिव्होल्टचा आग्रह धरतात. इथे तो आग्रह सोडा. त्यात ११८ मिलिअँपिअर येतात, ±५५ व्होल्टवर एकेका जोडीला १३ वॉट नुसती उष्णता, तीही पंखा नसलेल्या प्लेटमध्ये. ३० मिलिअँपिअरला ती ३.३ वॉट असते. सबवूफरमध्ये या फरकाने कानाला मिळणारं फार थोडं.

थंड असताना निम्म्यावर थांबा. प्लेट उभी ठेवा, पेटीत असते तशी, कारण आडव्या प्लेटच्या फिन्समधून हवा नीट चढत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी हीटसिंक स्थिरावला की पूर्ण आकड्यावर आणा, मग आणखी दहा मिनिटं नजर ठेवा. मीटर एक-दीड मिलिव्होल्ट वरखाली झाला तर हरकत नाही. सतत चढणारा आकडा म्हणजे थर्मल जोडणीचा दोष. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब. झटपट चिकटणारा गोंद नको, तो आत झिरपतो. सारखं फिरवून बघायची सवयही नको, कंपनीने आयुष्य २०० फेरफटक्यांचंच दिलं आहे.

निळ्या डब्या अनेक कंपन्या बनवतात आणि त्यातल्या कित्येक चांगल्याही असतात. निनावी सुट्ट्या मालावर मात्र विश्वास ठेवू नका, तपासा. १०२ छापलेला, म्हणजे १ किलोओमचा, ९०० ते ११०० ओमच्या आत हवा आणि टोकाला १० ओमपेक्षा जास्त उरता कामा नये. काट्याच्या मीटरवर हळूहळू पूर्ण पंचवीस फेऱ्या द्या. काटा कुठेही झटका खाऊ नये. एकदा जरी उडाला तरी तो नग बायसला वापरू नका, टोन कंट्रोलच्या प्रयोगाला ठेवा.

जागा कमी असेल तर ३३६२पी हा एका फेरीचा, बंदिस्त, सुमारे ६.५ मिमीचा सर्मेट (सिरॅमिक-धातू ट्रॅकचा) प्रीसेट बघा. स्थिती डोळ्यांना दिसते, टोकाला थांबतो. त्याची भरड जुळवणी सुधारायला स्थिर रेझिस्टर ४७० वरून ५६० करा आणि प्रीसेट ५०० ओमचा घ्या. मग वरच्या उदाहरणात बायस १.९ ते ३.१ व्होल्टमध्येच फिरतो, शून्याचं टोकही आधीइतकं जीवघेणं राहत नाही. हीच युक्ती ३२९६लाही चालते, त्यासाठी मागवताना ५०१ (५०० ओम) मागवा. स्क्रूला बाजूने हात पोचत असेल तर ३२९६एक्स घ्या. बऱ्याच प्लेट्समध्ये वर ट्रान्सफॉर्मरची कड येते आणि डब्ल्यूचा स्क्रू तिच्याखाली लपतो. ऑर्डर देण्याआधी प्लेट पेटीत बसवून अंतर मोजा.