पद्मिनीत बाहेरचं आरपीएम मीटर, तेही इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर: पाडवा ते दिवाळी

पाडव्याला बसवलेलं आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारं मीटर, दिवाळीपर्यंत वापरून हे लिहितोय. मीटर घेण्याजोगं आहे. मात्र इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत नुसत्या वायरी जोडल्या की ते नीट चालेलच असं नाही, आणि हे आधी कुणी सांगत नाही. चांगली मीटरं खराब समजून परत जातात, त्याचं वाईट वाटतं.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, चार सिलिंडर. ठिणगीसाठी करंट तोडणारे जुने सीबी पॉइंट आणि कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये हॉल सेन्सरचा (चुंबकावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) संच बसवलाय, ठिणगीचा दाब तयार करणारी कॉईल साधीच आहे. मीटरच्या पाठीमागे ४-६-८ सिलिंडरचा स्विच आहे. वायरी चार: प्लस, अर्थ, दिवा आणि सिग्नल.

पहिल्या दिवशी आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, काटा ठीक होता. १५०० च्या पुढं थरथर सुरू झाली, मग इंजिनाचा आवाज तसाच असताना काटा थेट ४००० वर. बेळगावच्या उद्यमबागेतले आमचे मेस्त्री म्हणाले, "मीटरच डुप्लिकेट असणार बघा, बदलून आणा." पण दोष मीटरचा नव्हता. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १००. मीटर हेच ठोके कॉईलच्या मायनसवर मोजतं. तिथं करंट तुटला की क्षणभर काहीशे व्होल्टची उसळी येते आणि तिच्या मागोमाग लहान लाटा उठतात. इलेक्ट्रॉनिक स्विच करंट झटक्यात तोडतो, आणि संवेदनशील मीटर त्या मागच्या लाटाही ठिणग्या म्हणून मोजून टाकतं.

उपाय काही रुपयांचा निघाला. सिग्नलच्या वायरीत सुमारे १० किलो-ओहमचा रेझिस्टर. मी अर्ध्या वॅटचे ४.७ किलो-ओहमचे दोन सिरीजमध्ये लावले, म्हणजे उसळी दोघांत वाटली जाते. ते मीटरपाशी न लावता कॉईलपाशी लावा, हे मी आग्रहानं सांगेन. सिग्नलची वायर बॉनेटखालून येताना कुठं सोलून बॉडीला टेकली, तर कॉईलचा मायनस थेट अर्थ होतो आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. चोर्ला घाटात, धुक्यात, मागं ट्रक असताना असं व्हायला नको. रेझिस्टर कॉईलच्या तोंडाशी असेल तर मीटर शून्यावर जाईल, इंजिन चालत राहील. रेझिस्टर फार मोठा घेतला तर मात्र काटा उठतच नाही.

उरलेली थरथर प्लगच्या वायरींची होती. साध्या तांब्याच्या वायरी काढून रेझिस्टन्सवाल्या टाकल्या, सिग्नलची वायर त्यांच्यापासून लांब, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) दुसऱ्या कडेनं नेली. मीटरची अर्थ डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पत्र्याला न देता घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला दिली. प्लस इग्निशनच्या फ्यूजवरून घेतला, कॉईलच्या प्लसवरून नाही. तेव्हापासून काटा स्थिर आहे.

आकडा खरा की खोटा हे घरीच तपासता येतं. क्रँकच्या पुलीवर पांढऱ्या रंगाची एक खूण करा आणि रात्री जुन्या चोकवाल्या ट्यूबलाईटखाली गाडी चालू करा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. बरोबर १५०० आरपीएमला त्या एका खुणेच्या चार खुणा थांबलेल्या दिसतात, ३००० ला समोरासमोर दोन. हात आणि कपडे पंख्यापासून लांब ठेवा. माझं मीटर दोन्ही ठिकाणी काट्याच्या जाडीइतक्या फरकात होतं. काटा सगळीकडे निम्माच दाखवत असेल तर मागचा स्विच ८ वर आहे का ते आधी बघा.

वापरात सर्वांत जास्त फायदा घाटात झाला. निपाणीजवळच्या तवंदी घाटात गिअर कधी उतरवायचा हे पूर्वी आवाजावर ठरायचं. आता काटा २००० कडं झुकू लागला की तिसरा टाकतो, इंजिन कुंथत नाही. कार्ब्युरेटरचं आयडल लावायलाही मेस्त्री आता याच मीटरकडं बघतात. जांबोटीकडच्या पावसात काचेच्या आत वाफ धरली होती, ती उन्हात गेली. रबरी कडेला सिलिकॉन लावल्यावर पुन्हा आली नाही. रात्रीचा दिवा मात्र फार प्रखर आहे, समोरच्या काचेत दिसतो. एवढ्यासाठी एक गुण कापतो.

तुमच्या गाडीत सीडीआय (कपॅसिटरमध्ये साठवलेला करंट कॉईलमध्ये सोडणारं इग्निशन) असेल तर यातलं कॉईल-मायनसचं काहीही करू नका. सीडीआय कॉईलवरच शेकडो व्होल्ट सोडतो, साधं मीटर जळू शकतं. सीडीआय बॉक्सवर मीटरसाठी वेगळी वायर दिली असेल तर तीच वापरा. आणि यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलवाल्यांसाठी: एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्याला एकच ठिणगी. चार सिलिंडरचं मीटर तिथं निम्मा आकडा दाखवेल, त्यासाठी मोटरसायकलचंच मीटर घ्या.