जेवणाऐवजी शेक: पावडर पास, झाकण नापास

कामासाठी सतत फिरावं लागतं, म्हणून गेले काही महिने प्रवासाच्या दिवसांत एखाद्या जेवणाऐवजी शेक घेतेय. शेकच्या पावडरच्या डब्यावर काय छापलंय ते सगळ्यांनी वाचलेलं असतं, ते पुन्हा सांगत नाही. आज लिहायला बसले ती डब्यासोबत आलेल्या शेकरच्या झाकणामुळे.

या झाकणाच्या आतल्या खोबणीत एक पातळ रबरी रिंग आहे. शेक घुसळला की थोडी पावडर हमखास त्या रिंगच्या मागे जाऊन बसते. घरी प्रश्न नाही, रिंग काढून गरम पाण्यात टाकता येते. प्रवासात मात्र वाट्याला येतं हात धरला तरच पाणी सोडणारं बेसिन, त्यात बाटली नळाखाली नीट मावतही नाही. नुसतं विसळून झाकण लावलं, तर रिंगमागचा तो थर संध्याकाळपर्यंत आंबतो आणि पुढचा शेक कितीही ताजा केला तरी नाकाला पहिला तोच वास येतो. रिंग ओढून काढावी, तर दर वेळी ती थोडी ताणली जाते. ताणून ताणून शेवटी ती सैल झाली आणि उरलेला शेक बॅगेत, लॅपटॉपच्या चार्जरवर सांडला.

कंपनीला कळवलं. आधी फोटो मागितला, मग बॅच नंबर, मग बिल. एवढं सगळं पाठवल्यावर उत्तर आलं की शेकर डब्यासोबत मोफत आहे, त्यामुळे त्याची तक्रार घेतली जात नाही. रिंग सुटी मिळत नाही, नवा शेकर घ्यावा. एवढ्याशा रबरासाठी धडधाकट बाटली फेकून द्यायची, हे मला अजिबात पटत नाही. प्रवासात उपयोगी म्हणून माल विकता, तर प्रवासात धुता येईल असं झाकण देणं तुमचंच काम आहे.

पावडरबद्दल मात्र माझं मत बदललंय. सुरुवातीला वाटायचं, यावर कुणाचं पोट भरत असेल? दोन तासांत पोटात कावळे ओरडायचे. मग लेबल बारकाईने पाहिलं. समोर मोठ्या अक्षरांत छापलेल्या कॅलरी दुधात केलेल्या शेकच्या होत्या. प्रवासात हाताशी असतं ते पाणी, आणि पाण्यात केला तर जेमतेम दोनशे उरतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या १९९१ च्या मानकात वजन कमी करण्यासाठी एका जेवणाऐवजी घ्यायच्या अशा पदार्थात २०० ते ४०० कॅलरी आणि त्यांतल्या किमान २५ टक्के प्रथिनांतून, असं माप दिलंय. प्रथिनांच्या ग्रॅमला ४ ने गुणलं की त्यांच्या कॅलरी कळतात. आमचा डबा प्रथिनांच्या या हिशोबात आरामात बसतो. कमी पडतात त्या एकूण कॅलरी. आता सोबत एखादं फळ नाहीतर मूठभर सुका मेवा ठेवते, आणि पुढच्या जेवणापर्यंत खरंच निभावतं. अवेळी पोचल्यावर मिळेल ते तेलकट खाणं यामुळे टळलं, हा फायदा मी मनापासून मान्य करते.

विमानात बसण्याआधी घेणार असाल तर घटकांच्या यादीत इन्युलिन आहे का ते बघा. तंतूंचं, म्हणजे फायबरचं, प्रमाण वाढवण्यासाठी ते घालतात, पण आतड्यातले जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात. उडत्या विमानात केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा खाली येतो, त्यामुळे पोटातला वायू आणखी फुगतो. मी आता शेक उतरल्यावरच घेते. आणि भरपूर पाणी प्या, नाहीतर पोट साफ होत नाही.

डबा की सॅशे? मोठ्या डब्यातून हेच जेवण बरंच स्वस्त पडतं, म्हणून मी काट्यावर तोलून छोट्या पिशव्या भरते. स्कूपवर माझा भरवसा नाही, सपाट भरला आणि शिगोशीग भरला यात चांगलाच फरक पडतो. रेल्वे-बसला पिशव्या उत्तम. विमानाच्या हातातल्या सामानात मात्र लेबल नसलेली फिकट पावडर म्हणजे चौकशीला आमंत्रण, तिथे सॅशेचे जादा पैसे मी निमूट मोजते. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत २०१८ पासून ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर केबिनमध्ये नेण्यावर बंधनं आहेत, तेव्हा अख्खा डबा चेक-इन बॅगेतच टाका.

दिवसभर फक्त शेकवर राहायचा बेत मात्र प्रवासात करू नका. त्यासाठी हमखास ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ (DiRECT) नावाच्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले: रोज साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेक आणि सूप, तेही तीन ते पाच महिने, वर्षभराने हा आहार घेणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा टाइप २ मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. निष्कर्ष मोठाच आहे. पण तिथे मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या आणि तपासणी नियमित होत होती. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना परगावी एकट्याने जेवण बंद केलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

सध्या रुंद तोंडाची साधी स्टीलची बाटली वापरतेय. आधी पाणी, मग पावडर, या क्रमाने घातलं की गुठळ्याही फारशा होत नाहीत आणि झाकणाची सपाट चकती बोटाने पुसून निघते. कंपनीला परत लिहिलंय: रिंग सुटी विका, मी पैसे देऊन घेईन. अजून उत्तर नाही. ते येईपर्यंत दुसरा डबा घेणार नाही.